एक दशांशचिन्ह आणि रोजची १२ मिनिटं : एका मुद्रितशोधक बाईंचं प्रकरण

औषधाच्या मात्रेच्या तक्त्यात ०.५ च्या जागी ०५ आलं होतं. मूळ प्रतीत टिंब होतं, प्रूफात नव्हतं. बाईंनी ते पान मूळ प्रतीशी दोनदा ताडून पाहिलं होतं आणि खाली सहीही केली होती. चूक सापडली ती दुसऱ्या वाचकाला, छपाईला जायच्या आदल्या दिवशी. औषधाच्या माहितीपत्रकातलं एवढंसं टिंब गळालं की मात्रा दहापट होते. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, कामावर कुणी त्यांना बोललंही नाही. पण त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. सहा आठवड्यांनी त्या माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. रोजच्या ध्यानाने त्यांचं काय बदललं आणि काय नाही, याचं हे प्रकरण त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४७, मुद्रितशोधनाचा २० वर्षांहून जास्त अनुभव. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मी जसंच्या तसं टिपून ठेवलं आहे : “मी वाचते, पण आत काही जात नाही. ओळ संपल्यावर कळतं, की नुसते डोळे सरकले.” रात्री अकराला झोप लागायची, तीनच्या सुमारास जाग यायची आणि त्यानंतर उजाडेपर्यंत डोक्यात जुनी पानं उलटली जायची. गेल्या महिन्यातल्या त्या तक्त्यात शेवटचा रकाना नीट पाहिला होता का? त्या आकड्यापुढे मिलिग्रॅम होतं की मायक्रोग्रॅम?

यावर त्यांनी स्वतःच एक उपाय काढला होता : प्रत्येक पान तीनदा वाचायचं. त्यामुळे दिवसाचं काम रात्रीवर जायला लागलं, शीण वाढला आणि चुका कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. हे या धंद्यातल्या माणसांना नवं नाही. तिसऱ्या वाचनात नजरेसमोर पान नसतंच, पानाची आठवण असते. जिथे जे असायला हवं ते मन आपणहून भरून टाकतं.

ध्यानाचं नाव काढण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. लक्ष लागत नाही, झोप तुटते, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला थेट डोळे मिटून बसायला सांगणं मला धोक्याचं वाटतं. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-१२ यांतलं काहीही बिघडलं तरी नेमकं हेच दिसू शकतं. या वयात रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदलही झोपेवर आणि लक्षावर परिणाम करतात. रक्ताचे अहवाल ठीक आले, पाळीतल्या बदलांची डॉक्टरांनी नोंद घेतली आणि जवळच्या वाचनाच्या चश्म्याचा नंबर बदललेला निघाला. नवा चश्मा आल्यावर दोन आठवडे थांबून मगच आम्ही पुढचं पाऊल टाकलं. थांबलो कारण नव्या चश्म्याचं श्रेय नंतर ध्यानाला जायला नको होतं.

त्यांच्या कामाच्या पद्धतीत एक सोय आयतीच होती. प्रत्येक पान दुसरा वाचक पाहतो, आणि पहिल्या वाचकाच्या नजरेतून निसटलेल्या चुका तो वेगळ्या शाईने दाखवतो. म्हणजे लक्ष किती टिकलं याचा हिशेब कागदावर होताच. बाईंनी जुन्या नोंदी काढल्या. वर्षभरापूर्वी दर १०० पानांमागे निसटणाऱ्या चुका सरासरी ३ होत्या. चश्मा बदलल्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्या ९ होत्या. “बरं वाटतंय” या शब्दांवर मी सहसा फार विसंबत नाही. ते शब्द खोटे असतात म्हणून नव्हे, तर ज्याला बरं व्हायचं असतं तो माणूस ते लवकर म्हणतो म्हणून.

आता या प्रकरणात नेमकं काय बिघडलं होतं, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगते.

एकसुरी कामावर लक्ष फार वेळ टिकत नाही, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच मोजलं गेलं आहे. रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहणाऱ्यांच्या नजरेतून खुणा का निसटतात, हे शोधण्यासाठी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा ठरावीक अंतराने पुढे सरकायचा आणि मधूनच एकदम दुप्पट उडी मारायचा. ती उडी ओळखायची, एवढंच काम. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत पहिल्या अर्ध्या तासातच पकड ढिली होताना दिसली. मुद्रितशोधन हे बरंचसं तसलंच काम. पानामागून पान बरोबर असतं आणि मध्येच एक टिंब गळालेलं असतं.

त्यात भर पडली ती भीतीची. मेंदूचा कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हातातलं काम धरून ठेवतो आणि बाकीचे विचार बाजूला सारतो. ताण वाढला की तिथे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि डोपामिन या रसायनांची पातळी गरजेपेक्षा वर जाते आणि हीच पकड सुटते. मेंदूशास्त्रज्ञ एमी आर्न्स्टन यांचं या विषयावरचं संशोधन अनेक वर्षांचं आहे. धोका समोर असताना शरीराला बारीक विचार नको असतो, झटपट हालचाल हवी असते. वाघ समोर असेल तर ते योग्यच. समोर दशांशचिन्ह असेल तर नेमकं उलटं घडतं. बाई चुकीला जितक्या घाबरत होत्या, तितकं चूक पकडणारं यंत्र दुबळं होत होतं. मग चूक निसटायची, भीती वाढायची. रात्री तीनला जाग आली की हेच चक्र अंधारात फिरायचं.

ध्यानाचं एक साधं रूप आम्ही ठरवलं. सकाळी कामाला बसण्याआधी १२ मिनिटं, खुर्चीत पाठ ताठ ठेवून, पाय जमिनीला टेकवून. नाकपुड्यांशी श्वासाचा स्पर्श जाणवतो तिथे लक्ष ठेवायचं, उच्छ्‌वास मोजायचे, १० झाले की पुन्हा १ पासून. मन भरकटलं की परत यायचं. मंत्र नाही, विशेष आसन नाही. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या सजगतेच्या (माइंडफुलनेस) ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात घरचा सराव रोज सुमारे ४५ मिनिटांचा असतो. बाईंच्या दिवसात तेवढी जागा नव्हती. आणि रोज न जमणारी ४५ मिनिटं हा त्यांना छळणारा आणखी एक हिशेब झाला असता. रोजची नोंद ठेवायला मात्र मी सांगितलं : किती वेळ बसलात आणि काय जाणवलं.

दहा दिवसांनी त्या आल्या तेव्हा त्यांच्या वहीत रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, अशा जुड्या. एका दिवशीच्या ६३. मन भरकटलं की मिटल्या डोळ्यांनीच त्या पेन्सिलीने रेघ ओढत होत्या. “इतक्या चुका,” त्या म्हणाल्या. “१२ मिनिटांत ६३. मी या कामालाही नालायक आहे.”

नोंद ठेवायला सांगितली होती मीच. ज्या बाईचं सारं आयुष्य चुका मोजण्यात गेलं, तिच्या हातात मी मोजायला आणखी एक वही दिली होती. ध्यान ही त्यांच्यासाठी रोज सकाळी नापास व्हायची परीक्षा झाली होती. त्या आठवड्यात झोप आणखी बिघडली होती.

मी त्यांना विचारलं, “प्रूफ वाचताना तुम्ही समासात खूण करता, ती चूक झाल्याची की सापडल्याची?”

“सापडल्याची.”

“मग या रेघा कसल्या आहेत?”

त्या बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. या प्रकरणात कुठे काही वळलं असेल तर ते इथे, असं मला आजही वाटतं. मन भरकटतं तेव्हा आपल्याला ते कळत नसतं. कळतं त्या क्षणी आपण परत आलेलो असतो. म्हणजे वहीतल्या ६३ रेघा ६३ परतीच्या होत्या. ज्या भरकटण्याची रेघच उमटली नाही, ते खरं निसटलेलं.

हे मी समजूत घालण्यासाठी म्हटलं नव्हतं. वेंडी हॅसेनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि मन भरकटल्याचं ध्यानात येताच बटण दाबायला सांगितलं. त्यातून एक फेरा दिसला : भरकटणं, ते ध्यानात येणं, लक्ष वळवणं, लक्ष टिकवणं, आणि पुन्हा भरकटणं. प्रत्येक टप्प्यावर मेंदूतली वेगवेगळी जाळी जागी होत होती. ध्यानाचा सराव म्हणजे हा अख्खा फेरा. भरकटणं गाळून उरलेल्याचा सराव करता येत नाही, कारण भरकटल्याशिवाय परतायचं कुठून? व्यायाम करणारा वजन खाली आणतो, ते पुन्हा उचलण्यासाठीच. मराठीत आपण “ध्यानात आलं” म्हणतो, तेव्हा याच क्षणाबद्दल बोलत असतो. शब्दाने ते आधीच सांगून ठेवलं आहे.

वही बंद केली. रेघा नाहीत, नोंद नाही. फक्त बसायचं.

चौथ्या आठवड्यात वेगळाच अडथळा आला. श्वासाकडे लक्ष दिलं की छाती आवळल्यासारखी वाटे, श्वास मुद्दाम घ्यावा लागतोय असं वाटे आणि धडधड सुरू होई. डॉक्टरांनी हृदय तपासून निर्धास्त केलं. ध्यानाने नेहमी बरंच वाटतं, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. मिगेल फारियास आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ८३ अभ्यास एकत्र पाहिले, त्यांत सुमारे ८ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याचं आढळलं. त्यांत चिंता आणि उदासी सर्वांत जास्त होती. अशा वेळी “नेटाने बसा, जाईल” असं मी कुणाला सांगत नाही. आम्ही श्वास सोडून दिला. लक्ष तळपायांवर आणलं, जमिनीच्या स्पर्शावर. तेही नको वाटलं तर डोळे उघडे ठेवून आसपासचे आवाज ऐकायचे. वेळही १२ वरून ८ मिनिटांवर आणली. आठवडाभरात छातीचं आवळणं थांबलं. पुढे १२ मिनिटं पुन्हा सुरू झाली, पण श्वासाकडे त्या नंतरही फारशा वळल्या नाहीत. तळपाय त्यांना मानवले.

सहाव्या आठवड्यात बाईंनी पहिला बदल सांगितला, तो मला अपेक्षित होता त्यापेक्षा फार लहान होता. झोप सुधारली नव्हती. चुकांचा आकडा फारसा हलला नव्हता. पण त्या म्हणाल्या, “आधी पान संपल्यावर कळायचं, की मी इथे नव्हते. आता दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच कळतं.”

मन भरकटणं थांबलं नव्हतं, भरकटल्याचं कळायला लागणारा वेळ कमी झाला होता. माझ्या मते ध्यानाने येणारी तल्लखी ती हीच. मन कोऱ्या कागदासारखं होणार आणि मग बुद्धी धारदार चालणार, अशी जी कल्पना लोक मनात धरून बसतात, ती मला या कामात एकदाही दिसलेली नाही. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, की आत्ता तुमचं मन हातातल्या कामात आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा ते दुसरीकडे होतं. हा माणसाचा स्वभावच आहे. बाईंना तो बदलायचा नव्हता, दुसऱ्या ओळीवरून परत यायचं होतं. दुसऱ्या ओळीवरून परतलं तर दोन ओळी पुन्हा वाचाव्या लागतात. पानाच्या तळाशी कळलं तर अख्खं पान, किंवा सहीच होऊन जाते.

पानं तीनदा वाचणं यानंतर आपोआप गळालं. मी त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आपण पानावर होतो की नव्हतो हे ज्याला कळतं, त्याला तिसरं वाचन कशाला लागेल? संध्याकाळ मोकळी झाली. कामातही एक बदल त्यांनी मागून घेतला : ४० मिनिटं वाचन, मग १० मिनिटं उठणं. मॅकवर्थ यांच्या घड्याळाची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, तीच त्यांनी आपल्या वरिष्ठांना सांगितली.

झोपेचं थोडं निराळं झालं. तीनची जाग गेली नाही. रात्रीच्या उत्तरार्धात शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक तसंही चढू लागतं, झोपही हलकी होत जाते, तेव्हा जाग येणं नवल नाही. फरक जागेनंतरच्या वेळात पडला. डोक्यात पान उलटायला लागलं की त्यांना ते “पान उलटतंय” असं दिसायचं. मग लक्ष तळपायांवर, पांघरुणाच्या स्पर्शावर. कधी अर्ध्या तासात झोप लागायची, कधी नाही. न लागलेल्या रात्रीही आता त्यांना तेवढी धास्ती वाटत नव्हती. दिवसभराच्या ताणाबद्दलही असंच म्हणता येईल : कामाचा बोजा तोच राहिला, पण एका चुकीपाठोपाठ स्वतःला दोष देण्याची जी लांबलचक रांग लागायची, ती मध्येच तुटू लागली. ताण देणारी गोष्ट एकदाच घडते, मन ती शंभरदा घडवतं, आणि शरीर त्या शंभरही वेळा तिला खरी समजून उत्तर देतं. रांग तुटली की शरीराला तेवढी उसंत मिळते.

आठव्या आठवड्याअखेर निसटलेल्या चुका १०० पानांमागे ५ होत्या. सहा महिन्यांनी ४.

या आकड्यातलं ध्यानाचं किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर वेगळं काढता येणार नाही. १० मिनिटांच्या विश्रांतीनेही चुका कमी होतात. तीनदा वाचणं थांबल्याने शीण घटला. आठवड्याला कुणीतरी तासभर मन लावून ऐकत होतं, त्याचाही वाटा असणार. एका व्यक्तीच्या प्रकरणावरून ध्यानाचा गुण सिद्ध होत नाही.

व्यापक संशोधन काय म्हणतं, तेही त्यांना मी न वाढवता सांगितलं होतं. माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागी यांचा एकत्र आढावा घेतला. चिंता, उदासी आणि वेदना यांत मध्यम भक्कम पुराव्यानिशी थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. ताणाबद्दलचा पुरावा त्याहून कच्चा होता, आणि लक्ष व झोप यांबाबत पुरेसा नव्हता. औषधं, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचंही दिसलं नाही. २०२२ मध्ये एलिझाबेथ होज यांच्या गटाने चिंताविकार असलेल्या २७६ जणांवर कबाट-झिन यांचा ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि एस्सिटालोप्राम हे औषध यांची तुलना केली, तेव्हा अभ्यासक्रम औषधाच्या तोडीस उतरला. लक्षाबद्दल उमेद वाढवणारेही अभ्यास आहेत. कॅथरीन मॅक्लीन यांच्या २०१० च्या अभ्यासात ३ महिने रोज सुमारे ५ तास ध्यान करणाऱ्यांची बारीक फरक ओळखण्याची आणि सावध राहण्याची क्षमता वाढली. पण नोकरी करणाऱ्या माणसाला रोजचे ५ तास कुठून मिळणार? मायकेल म्राझेक यांच्या २०१३ च्या अभ्यासात ४८ विद्यार्थ्यांपैकी ज्यांना फक्त २ आठवडे सजगतेचं प्रशिक्षण मिळालं, त्यांचं वाचनाचं आकलन सुधारलं आणि मन भरकटणं कमी झालं. बाईंच्या परिस्थितीला हा अभ्यास सर्वांत जवळचा, पण लहान. आणि ८ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते, असं जे वारंवार ऐकू येतं, ते २०२२ मध्ये २१८ जणांच्या काटेकोर चाचण्यांत आढळलं नाही. रचना बदलल्याशिवायही कसब येतं, सायकल शिकायला कुणी मेंदूचं वजन करत नाही.

सातव्या महिन्यात घरात आजारपण आलं आणि तीन आठवडे बसणं पूर्ण थांबलं. आकडा ७ वर गेला. अशा वेळी मला भीती असते ती खंडाची नाही, तर “माझं सगळं वाया गेलं” या वाक्याची. बाईंनी ते वाक्य उच्चारलं नाही. फोनवर म्हणाल्या, “तीन आठवडे भरकटले होते. काल ध्यानात आलं.” आणि त्या पुन्हा ८ मिनिटांपासून सुरू झाल्या.

वर्षाअखेर त्या शेवटच्या आल्या तेव्हा बसणं आठवड्यातून पाच दिवस होतं, कधी चार. चुकांचा आकडा ३ आणि ४ च्या मध्ये. दुसरा वाचक अजूनही वेगळ्या शाईच्या खुणा करून प्रुफं परत पाठवतो, आणि त्या खुणा पाहताना पोटात अजूनही गोळा येतो, असं त्यांनी सांगितलं. वेळ २० मिनिटं करू का, असं विचारलं. करावंसं वाटतंय की करायला हवं असं वाटतंय, असं मी विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग १२ च राहू दे.” जाता जाता त्यांनी आपली एक सवय सांगितली, जी मी शिकवलेली नव्हती. तक्त्याचं पान आलं की त्या पेन्सिल खाली ठेवतात, दोन्ही तळपाय जमिनीवर आहेत हे जाणवेपर्यंत थांबतात, मग पहिल्या रकान्यापासून सुरुवात करतात.